आजोबांच्या बंदुकीचा दस्ता

आमचे घर भालकी तालुक्यात, मांजरा नदीच्या काठालगतच्या एका लहान गावी आहे. घर माळवदाचे. दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. या घराच्या माजघरात दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली एक ठासणीची बंदूक मला कळू लागल्यापासून मी पाहत आलो आहे. नळी लांब, घोडा गंजलेला, गज केव्हाच हरवलेला. दस्ता शिसवीचा, पण हाताची मूठ जिथे बसते तिथे तो मोडलेला होता, आणि त्या मोडलेल्या जागेवर चामड्याची वादी गुंडाळून वर लोखंडी तार आवळलेली होती. लहानपणी त्या तारेवरून बोट फिरविण्याची आम्हां भावंडांना मनाई होती.

या मोडलेल्या दस्त्याची एक हकीकत घरात सांगितली जाई. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या या भागात फिरत असताना आजोबांनी गावच्या वेशीवर रात्ररात्र पहारा दिला, आणि एका झटापटीत बंदुकीचा दस्ता मोडला, अशी ती हकीकत. ती मी वडिलांकडून ऐकली आणि पुढे मुख्याध्यापक झाल्यावर दरवर्षी १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनानंतर शाळेतल्या मुलांना सांगू लागलो. या दिवसाला आमच्याकडे पूर्वी हैद्राबाद-कर्नाटक विमोचन दिन म्हणत. २०१९ पासून तो कल्याण कर्नाटक उत्सव दिन झाला. सीमेपलीकडे उदगीर-लातूरकडे तोच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. नावे निराळी असली तरी दिवस एकच, आणि दोन्हींकडची माणसेही बरीचशी एकाच गोतावळ्यातली.

बंदूक शेतराखणीच्या परवान्यावरची आहे. तुरीच्या आणि जोंधळ्याच्या रानात रानडुकरे व काळविटे शिरत, त्यांना हुसकावण्यासाठी अशा बंदुका या भागातील अनेक घरांत होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण मिळाले आणि मोडक्या दस्त्याची आमची बंदूक तर त्याआधीपासूनच मुकी होती. तरीही परवाना आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून माझ्याकडे आला. निवडणूक लागली की परवानाधारकाने हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. घोंगडीत गुंडाळलेली ती बंदूक मी दर निवडणुकीला घेऊन जातो. एकदा एका हवालदाराने तिच्याकडे पाहून कानडीत विचारले होते, 'इदु बंदूका, बडिगेया?' म्हणजे ही बंदूक आहे की बडगा? आम्ही दोघेही हसलो आणि मी पावती घेऊन घरी आलो.

मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीसाठी बंदूक खाली काढली तेव्हा दस्त्याच्या टोकाकडून मातीचा चुरा गळाला. भिंतीतून वाळवी आली होती. खांद्याला टेकणाऱ्या बाजूचा खालचा कोपरा तिने आतून पोखरला होता. वरचे पापुद्रे तेवढे शाबूत होते. आता काही केले नाही तर पुढच्या निवडणुकीला केवळ नळी जमा करावी लागेल, हे उघड होते. जून महिन्यात बंदूक परत मिळाल्यावर मी दुरुस्तीचे मनावर घेतले.

गावात चांगला सुतार आहे. परंतु १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याप्रमाणे बंदूक बनविण्यास आणि विकण्यासच नव्हे, तर दुरुस्त करण्यासही परवाना लागतो, आणि बंदुकीच्या भागांनाही तो कायदा लागू आहे. म्हणून रीतसर कागद घेऊन गुलबर्ग्याच्या एका परवानाधारक दुकानाचा रस्ता धरला.

* * *

गुलबर्ग्याचे नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून कलबुर्गी झाले आहे. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र जुनेच बसलेले. २०१७ पासून बिदर ते कलबुर्गी रेल्वेही धावू लागली आहे. पण बरोबर बंदूक असल्याने मी भाच्याची जीप पसंत केली. हुमनाबादला चहा घेतला आणि माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेतले. प्रभूंचा सकलमत संप्रदाय सर्व मतांना सारखा मान देणारा. तिथे आमच्या भागातील मराठी, कानडी आणि तेलुगू घरे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. पुढे कमलापूरला रस्त्याच्या कडेला लाल केळ्यांचे घड टांगलेले दिसतात. ही केळी महाग असतात, पण परगावी जाताना एक फणी घेतल्याशिवाय जीप पुढे जात नाही.

या मुलखाचा आणि बंदुकीचा संबंध फार जुना आहे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यात बुरुजावर २९ फूट लांबीची म्हणून दाखवितात ती बारा गझी तोफ आहे. दक्षिणेकडे सुरपूर संस्थानच्या बेरड नायकांचे बंदूकधारी नेमबाजीसाठी प्रसिद्ध होते. १७०५ साली वागिनगेऱ्याला औरंगजेबाने स्वतः येऊन वेढा घातला तेव्हा त्यांनी बादशाही फौजेला जेरीस आणले. बादशहाने जातीने चालविलेली ती अखेरची मोहीम. उत्तरेकडे उदगिरास १७६० च्या आरंभी भाऊसाहेब पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांचा मोठा वाटा होता. हाच गारदी त्याआधी निजामाच्या चाकरीत होता आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने मारला गेला. शाळेत इतिहास शिकविताना मी हे सारे फळ्यावर सनावळीसह मांडतो. घरातल्या बंदुकीचा इतिहास मात्र मी कधी तपासून पाहिलेला नव्हता.

* * *

दुकानाच्या मागे एक लहानशी कार्यशाळा होती. मालकाने परवाना पाहिला, नोंदवहीत नोंद केली, नळी व चापाचे यंत्र काढून कुलुपात ठेवले आणि दस्ता मागे पाठविला. तिथला कारागीर सत्तरीचा. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. त्यांनी मला स्टूल दिले आणि दस्ता गुडघ्यावर आडवा घेऊन कितीतरी वेळ नुसता हात फिरवीत बसले.

मग त्यांनी पक्कडीने तार सोडविली. चामडे वाळून पाठीच्या कण्यासारखे कडक झाले होते. ते ओल्या फडक्याने मऊ करून उलगडले. ज्या जागेवर लहानपणी बोट फिरविण्याची मनाई होती ती जागा माझ्या आयुष्यात प्रथमच उघडी झाली. दोन तुकडे अलग झाले. चाचांनी ते उजेडाकडे धरले, चष्मा कपाळावर चढविला आणि दखनीत म्हणाले,

"मास्टरसाब, ये लकडी टूटी नै. तोडे सो है."

मला अर्थ कळला नाही. त्यांनी बोटाने दाखविले. बंदूक पडून किंवा आपटून मोडली तर लाकूड आपल्या नसेने तिरपे फाटते आणि लांब ढलपी निघते. इथे मुठीच्या खालच्या अंगाने निम्म्या जाडीपर्यंत एक सरळ, स्वच्छ काप होता. त्याच्या दोन्ही काठांवर करवतीच्या दात्यांच्या बारीक समांतर रेघा दिसत होत्या. वरचा निम्मा भाग तेवढा चिरफाळून तुटलेला. कोणीतरी खालून करवत चालविली होती, आणि मग दस्ता गुडघ्यावर घेऊन मोडला होता.

झटापटीत कोणी करवत चालवीत नाही. गेली कित्येक वर्षे झेंड्याखाली उभा राहून मी मुलांना जे सांगत होतो ते खरे नव्हते. मी चाचांना म्हटले, काम सध्या थांबवा. मला कोणाला तरी विचारून यायचे आहे.

* * *

विचारण्याजोगे एकच माणूस उरले होते. आमची आत्या उदगीरला असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, बिदर म्हैसूर राज्यात राहिले. आत्याचे सासर रेषेच्या पलीकडे गेले आणि माहेर अलीकडे राहिले. भालकीहून उदगीरला आगगाडीने तासाभरात पोहोचता येते, पण त्या वाटणीनंतर मुलांच्या शाळा, नोकऱ्या आणि पाठ्यपुस्तके निरनिराळी झाली. माझी आतेभावंडे पुण्याकडे पाहतात, आम्ही बंगळुराकडे. सणावाराला मात्र आजही एकाच पंगतीला बसतो.

आत्या १९४८ साली दहा वर्षांची होती. आता ती ८६ वर्षांची. कानांनी कमी ऐकू येते, पण स्मरण लख्ख आहे. मी दस्त्याचे दोन तुकडे कसे निघाले ते सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत राहिली. मग म्हणाली,

"कंदील मीच धरला होता रे बाबा."

तिने जे सांगितले ते तिच्याच क्रमाने देतो. उन्हाळ्यात पहारा होता, हे खरे. मे महिन्यात गोरट्याला रझाकारांनी केलेल्या हत्याकांडाची बातमी आली तेव्हा गाव भीतीने गोठून गेले होते. तिथे दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगतात. आजोबा रोज रात्री बंदूक घेऊन वेशीवर जात आणि पहाटे परत येत. बंदुकीतून एकदाही बार काढण्याची वेळ आली नाही. मग १३ सप्टेंबरला भारताची फौज हैद्राबाद संस्थानात शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. गावात गुलाल उधळला गेला. आणि त्यानंतर चारपाच दिवसांनी, सांज झाल्यावर, आपल्याच गावची काही पोरे दारात आली. त्यांना बंदूक हवी होती.

"कशाला हवी, ते सगळ्यांना ठाऊक होतं," आत्या म्हणाली. "नदीच्या अंगाला मुसलमानांची वस्ती होती. आबांनी पोरांना सांगितलं, सकाळी या, बंदूक साफ करून ठेवतो. पोरं गेली. मग त्यांनी सुताराच्या घरून करवत आणली. मला म्हणाले, कंदील धर, हलवू नको. मी धरला. सकाळी पोरं आली तेव्हा त्यांना दोन तुकडे दाखवले. म्हणाले, रात्री हातातून पडली."

मी विचारले, "मग पुढं काय झालं? त्या वस्तीत?"

आत्याने माझ्याकडे न पाहता म्हटले, "ते मला नको विचारू. आपली बंदूक त्यात नव्हती, एवढंच मला माहीत. दोन घरं पुढं परत आली. बाकीची आली नाहीत."

"आणि झटापटीची गोष्ट?"

"ती तुझ्या बापानं लहानपणी कुणाला तरी सांगितली, आणि आबांनी ती खोडली नाही. खोडायची म्हटलं तर खरं सांगावं लागलं असतं. गावातलीच पोरं होती ती. त्यांचीही लेकरं तुझ्या शाळेत शिकून गेली असतील."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो. पोलीस कारवाईनंतर घडलेल्या गोष्टींविषयी पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल तयार केला होता. तो दीर्घकाळ सामान्य वाचकाच्या हाती आला नाही. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे बळी पडली असावीत, असा त्यांचा अंदाज. आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड यांच्याबरोबर आमचे गुलबर्गा आणि बिदर आहेत. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचविणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. हे मी पूर्वी वाचले होते. वाचले, आणि बाजूला ठेवले होते. कारण रझाकारांचा जुलूम ज्यांच्या घरांनी सोसला त्यांच्यापुढे हे बोलणे म्हणजे तो जुलूम पुसण्यासारखे होईल, असे मला वाटे. आता दिसले की आजोबांपुढे दोन्ही गोष्टी एकाच वर्षी, एकाच अंगणात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी एकीसाठी दुसरी नाकारली नव्हती.

* * *

पुढच्या रविवारी गुलबर्ग्याला गेलो. चाचांना सारे सांगितले. त्यांनी करवतीच्या कापावर अंगठा ठेवला आणि एवढेच म्हणाले, "आरी अच्छी थी. हाथ भी नै कांपा."

मग त्यांनी माझ्यापुढे प्रश्न ठेवला. वरचा चिरफाळलेला भाग जुळवून चिकटविला की खाली करवतीच्या पात्याएवढी फट राहणार. त्या फटीत शिसवीची पातळ पट्टी भरून लुकण लावले तर दस्ता पुन्हा भक्कम होईल आणि सांधा कोणाला दिसणारही नाही. फट तशीच ठेवली तर बंदूक भिंतीवर शोभेल, पण तिच्यातून बार काढता येणार नाही. मी फट तशीच ठेवायला सांगितली. चाचांनी मान हलविली आणि कामाला लागले.

त्यानंतरचे पाच रविवार मी त्या स्टुलावर बसून जे पाहिले ते वाचकांनाही उपयोगी पडेल. घरोघरी आजोबा-पणजोबांच्या खुर्च्या, देव्हारे, पाळणे असतात, आणि आपण त्यांना उत्साहाने व्हार्निश फासून बिघडवितो.

पहिली गोष्ट, चाचांनी पॉलिशपेपरला हातच लावला नाही. आधी टर्पेंटाईनच्या फडक्याने जुने तेल आणि मळ काढला. तेलकट लाकडाला लुकण धरत नाही. तारेखाली लाकूड काळे पडले होते. लोखंड आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा संयोग झाला की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि लोखंड घालून शाई करीत, तीच ही क्रिया. ते डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फिके केले आणि मग लाकूड स्वच्छ पाण्याने पुसून घेतले. हे आम्ल विषारी असते, म्हणून हातमोजे घातले होते.

दस्त्यावर जागोजाग खोक होते. चाचांनी ओले फडके खोकावर ठेवून त्यावर तापलेली इस्त्री क्षणभर टेकविली. वाफ आत शिरली आणि दबलेले तंतू फुगून वर आले. चारपाच वेळा असे केल्यावर अर्ध्याअधिक खळगे दिसेनासे झाले. तंतू नुसते दबलेले असतील तरच ते उठतात. कापले गेले असतील तर उठत नाहीत. घासून खळगा काढायचा म्हणजे भोवतालचे सारे लाकूड खाली आणायचे. वाफेने ते नुकसान टळते.

वाळवीने पोखरलेला कोपरा चांगले लाकूड लागेपर्यंत तिरपा कापून टाकला. त्या जागी जुन्या शिसवी पलंगाच्या पायाचा तुकडा बसविला. तुकडा निवडण्यात एक अख्खी दुपार गेली. रंग पुढे जुळविता येतो, पण नस जुळली नाही तर ठिगळ जन्मभर ठिगळच दिसते, असे त्यांचे म्हणणे. मुठीच्या सांध्यात आतून गिरमिटाने भोक पाडून शिसवीचीच खुंटी घातली. पूर्वी सरस वापरीत. आता दोन नळ्यांतील अॅराल्डाइट. शिकंज्यात आवळून तो दिवसभर ठेवला.

लुकण वाळेपर्यंत मी किल्ल्यात जाऊन बसलो. तिथली जामा मशीद १३६७ सालची. तिला मोकळे अंगण नाही. सारी इमारत घुमटांनी झाकलेली, आत कमानींच्या रांगा. त्या सावलीत बसलो असता मला बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल आठवला. अली बरीदाच्या काळचे, म्हणजे सोळाव्या शतकातले, तिथले कोरीव लाकडी खांब आणि काळ्या दगडात जडविलेले शिंपले अजून टिकून आहेत. मुलांची सहल मी दरवर्षी तिथे नेतो. लाकूड इतकी शतके टिकते, फक्त त्याला ओल आणि वाळवी यांपासून कोणीतरी जपले पाहिजे.

शेवटी तेलाचे काम आले, आणि तिथे मला आमच्याच शेताची ओळख नव्याने झाली. दस्त्याला जे तेल लावतात ते जवसाचे. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात .३०३ रायफलीच्या लाकडालाही आम्ही तेच चोळीत असू. जवस आमच्या रानात रब्बीला पिकते. भाकरीबरोबर त्याची चटणी नाही असे घर आमच्याकडे सापडणार नाही. जवसाच्या तेलात हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होण्याचा गुण आहे. करडईच्या तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी चिकट कड धरते ती गृहिणींनी पाहिलेली असते. तोच गुण जवसात अधिक. शेंगतेल मात्र ओलेच राहते, म्हणून ते लाकडाला चालत नाही. बाजारात उकळलेले म्हणून जे जवसाचे तेल मिळते त्यात लवकर सुकविणारे क्षार घातलेले असतात; ते चुकूनही स्वयंपाकघरात ठेवू नये.

तेलापूर्वी चाचांनी दस्ता ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला, आणि लाकडाचे जे बारीक रोम उभे राहिले ते अगदी मऊ कागदाने नसेच्या दिशेने काढले. नळी आणि यंत्र जिथे बसते तिथल्या कडा मात्र घासू दिल्या नाहीत, नाहीतर धातू आणि लाकूड यांत फट पडते. मग तळहातावर चार थेंब तेल घेऊन हात तापेपर्यंत चोळले, आणि जे लाकडाने घेतले नाही ते पुसून टाकले. पुढचा हात आधीचा पूर्ण सुकल्यावर. जास्त तेल एकदम फासले तर ते वर चिकटून बसते आणि धूळ धरते.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही. तेल सुकताना उष्णता निघते, आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या दोरीवर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून टाकाव्या.

पाचव्या रविवारी दस्ता तयार झाला. गर्द तपकिरी लाकडात काळ्या नसा उमटल्या होत्या. बसविलेला कोपरा शोधून काढावा लागत होता. मुठीखाली मात्र एक सरळ बारीक रेघ होती, आणि ती कोणालाही दिसावी अशी होती. चाचांनी ठरलेली मजुरी घेतली. कमी नाही, जास्त नाही. मालकाने नोंद करून बंदूक माझ्या ताब्यात दिली.

* * *

१७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशीही होती. सकाळी ध्वजवंदन, दुपारी विसर्जन. मुलांचे लक्ष अर्थातच दुपारकडे. मी बंदूक शाळेत नेली नव्हती. हत्यार शाळेत नेऊ नये. कागदावर दस्त्याचे चित्र काढून नेले होते.

मी सांगितले की गेली अनेक वर्षे मी या ठिकाणी एक चुकीची हकीकत सांगितली. मग खरी सांगितली. उन्हाळ्यातला पहारा सांगितला, गोरटा सांगितले, फौज आली ते सांगितले, आणि त्यानंतरची ती सांज, कंदील आणि करवतही सांगितली. कोणाचे नाव घेतले नाही. पालकांतील दोघे वृद्ध खाली मान घालून बसले होते. ते का तसे बसले, हे मी विचारलेले नाही.

सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, बंदूक मोडल्यामुळं ती माणसं वाचली का?"

मी म्हटले, "मला माहीत नाही. दोन घरे परत आली, एवढे माहीत आहे."

ती खाली बसली. मुलांना पेढे वाटले आणि शाळा सुटली. सायंकाळी विसर्जनाहून परतल्यावर मी उदगीरला फोन लावला आणि आत्याला सांगितले की आज मुलांना सगळे सांगितले. तिने विचारले, "कंदील कुणी धरला होता, तेही सांगितलंस ना?" मी म्हटले, सांगितले.

बंदूक पुन्हा त्याच दोन खुंट्यांवर आहे, मात्र आता भिंतीपासून चार बोटे पुढे. तेलाचा पुढचा हात दिवाळीच्या सुटीत द्यायचा आहे. चिंधी मी धरीन आणि नंतर दोरीवर मीच वाळत घालीन, असे धाकट्या मुलीने आताच सांगून ठेवले आहे.